गोंदलेल्या नावाचं पथ्य

देहावर कोरलेलं अक्षर काळालाही पुसता येत नाही. ताम्रपट वितळवले जातात, शिलालेखांना लोक शेंदूर फासतात, कागद वाळवी खाते. कातडीत उतरलेलं नाव मात्र माणसासोबत शेवटपर्यंत जातं. हे वाक्य मी गेल्या हिवाळ्यात मनातल्या मनात तयार केलं आणि चांगले चार दिवस त्याच्यावर खूश होतो. पाचव्या दिवशी कळलं, की अशा अक्षराला पहिले तीन आठवडे मेथीची भाजी, उकडलेली अंडी आणि पेरू लागतात. हे मिळालं नाही तर ते काळाची वाट बघत बसत नाही.

यंदाचा हिवाळा परवा आला. मिरा रोडला हिवाळा येतो म्हणजे पंखा चारावरून दोनावर येतो आणि सोसायटीचा वॉचमन कानांना मफलर गुंडाळून हिमालयात ड्यूटी लागल्यासारखा बसतो. मला हिवाळा भाईंदर पश्चिमेच्या भाजीबाजारात भेटला. एका बाईनं गोणपाटावर ओली हळद मांडली होती, मातीसकट. मी एक कांडी नखानं खरवडली. बोट पिवळं झालं आणि त्या कच्च्या, मातकट वासाबरोबर मागचा अख्खा जानेवारी परत आला: निवडलेल्या मेथीचा ढीग, कुकरच्या शिट्ट्या विसरणारा मी, आणि जेवणाच्या टेबलावर उशीवर उताणा ठेवलेला एक डावा हात.

तो हात माझ्या बायकोचा. तिचं नाव हौसा. हे मला लग्नाआधी माहीत होतं, आणि लग्नात मी ते बदललं.

बदललं म्हणजे रीतसर बदललं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात रेघा ओढल्या आणि मंडपानं वाचलं: नीलाक्षी. तेव्हा मी विमा कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी वाचनालयात बसलो की स्वतःला कारकून समजत नव्हतो. नीलाक्षी म्हणजे निळ्या डोळ्यांची. तिचे डोळे काळेभोर होते, आजही आहेत; पण मी तेव्हा डोळ्यांकडे बघतच नव्हतो, शब्दाकडे बघत होतो. गर्दीतून कुणीतरी 'वा!' म्हणालं. ते 'वा' मला पुढे बरीच वर्षं पुरलं. ताटातल्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खिचडी झाली.

दुसऱ्यांच्या थाटामाटाला हसण्यात माझा बराचसा जन्म गेला आहे. सत्काराच्या शाली, चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक, प्रास्ताविक करता करता सभा संपवणारे सूत्रसंचालक. यांच्यातली हवा मला लांबून दिसते. आपणही एका धडधाकट नावावर स्वतःच्या वाचनाचा फलक टांगून ठेवला आहे, हे दिसायला मात्र पस्तीस वर्षं लागली. शिवाय मी ते नाव कधी वापरलंच नाही. घरात मी तिला 'अगं' म्हणतो. नीलाक्षी ठेवलं मी, वापरलं ती नोकरीला होती त्या टेलिफोन खात्यानं.

आणि पुसलं काय, तर हौसा. ती चौथी मुलगी. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात अशा मुलीचं नाव नकुसा ठेवायची रीत होती. नको झाली हे देवाला कळावं आणि पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. बारशाला जमलेल्या बायका तेच नाव गृहीत धरून आल्या होत्या. तिचे वडील शाळेत शिपाई. पाळण्याच्या खोलीत पुरुषांनी यायचं नसतं, ते आले. म्हणाले, "हिचं नाव हौसा. हौसेनं आणलीया." आणि दारात उभं राहून त्यांनी पेढे वाटले. गावात चार दिवस याचीच चर्चा होती, की शिपायाचं डोकं फिरलं.

ही गोष्ट मला लग्नानंतर वर्षभरानं कळली. तांदूळ तोवर पचले होते.

वडील पत्रं पाठवायचे. पाकिटावर 'सौ. नीलाक्षी', पोस्टमनच्या सोयीसाठी. आत पहिल्याच ओळीत 'चि. हौसास अनेक आशीर्वाद'. ते गेले, मग आई, मग एकेक बहीण. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास थोरली अक्का गेली. तेराव्याहून परत आलो त्या दुपारी आम्ही चहा पीत बसलो होतो. खाली भंगारवाला ओरडत होता. ती म्हणाली,

"आता मला हौसा म्हणणारं कुणी उरलं नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायच्या तयारीत होतो.

"मला हातावर नाव घालून घ्यायचंय."

"कुणाचं?" मी विचारलं. आवाजात थोडी आशा होती, हे कबूल करतो.

"माझं."

मी राजपत्रात नाव बदलून घेता येतं वगैरे माहिती दिली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन फोटो. ती म्हणाली, "मला सरकारला नाही सांगायचंय." विमा कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसानं मग कपबशा उचलल्या.

शांती नगरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर एक टॅटूचं दुकान आहे. आत जिनल नावाची पंचविशीतली मुलगी बसते. भिंतीवर लांडगे, त्रिशूळ, पंख, जबडा वासलेले सिंह. तिनं आम्हाला फिरत्या वळणांची नक्षीदार अक्षरं दाखवली. एका 'ह'ला मोराचा पिसारा होता. हौसानं पर्समधून वडिलांचं एक जुनं पत्र काढलं आणि 'चि.'च्या पुढच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे. असंच. ही मात्रा वाकडी आहे ना, तीही तशीच."

जिनलनं पत्र दोन्ही हातांनी घेतलं. मग विचारलं, "आंटी, शुगर है क्या?"

होती. दहा वर्षांपासून होती.

"तो पहले कंट्रोल में लाओ, डॉक्टर का ओके लाओ, फिर आओ. बिना ओके मैं सुई नहीं लगाएगी."

इतक्या सिंहांच्या मधोमध बसून ही मुलगी गिऱ्हाईक परत पाठवत होती. मला ती तिथंच आवडली.

मग सुरू झाले ते दोन महिने. मी आयुष्यात पुष्कळ चरित्रं वाचली आहेत, त्यात लोक तुरुंगात जातात, उपोषणं करतात, डोंगर चढतात. पण दिवाळीनंतरच्या आठवड्यात फराळाचे डबे घरात असताना एका बाईनं मूठभर भाजलेले चणे घेऊन बाल्कनीत उभं राहणं, हे कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. पहाटे ती चालायला जायची. खाडीकडून येणारा वारा, त्यात मिठागरांचा खारट ओलावा, आणि रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या बुटांतली, साडी जराशी वर खोचलेली माझी बायको. भात अर्धी वाटी. चहा बिनसाखरेचा, पहिले चार दिवस तोंड वाकडं करून, पाचव्यापासून सरळ तोंडानं. डॉक्टरांनी डिसेंबरअखेरीस रिपोर्ट पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. म्हणाले, "काकू, तुमच्या वयाचे पेशंट मला असा रिपोर्ट आणून दाखवत नाहीत." ती म्हणाली, "म्हणजे ओके ना?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नाव घातलं. शेजारच्या खुर्चीवर एक तगडा तरुण छातीवर सिंह काढून घेत होता आणि मधूनमधून आईला हाका मारत होता. हौसा एकदाही हलली नाही. सुईच्या गुणगुणीकडे मान वळवून, पोरांचा अभ्यास तपासावा तशी ती ओळ बघत होती. वाकडी मात्रा आली तेव्हा फक्त म्हणाली, "हां."

जिनलनं हातावर पातळ फिल्म लावली आणि सूचना मला दिल्या. दोन आठवडे हात पाण्यात बुडवायचा नाही. भांडी नाहीत, कणीक नाही, कपडे नाहीत. खपली काढायची नाही, खाजलं तरी खाजवायचं नाही. "और अंकल, खाना अच्छा खिलाने का. अंदर से भरेगा तभी ऊपर से अच्छा दिखेगा."

हे शेवटचं वाक्य मला फार भावलं. तिथंच घात झाला.

मी वाचणारा माणूस आहे. वाचणाऱ्या माणसाची चूक साधी नसते, तिला आधार असतो. मी विचार केला: आपल्याकडे जखम आतून भरून काढायचं शास्त्र कुठलं? बाळंतिणीचं. डिंक, अळीव, खारीक, खोबरं, तूप. शतकानुशतकं बायका ज्यावर उभ्या राहिल्या, ते दोन अक्षरांना पुरणार नाही? आणि तिला साखर चालत नाही, तर आपल्या लाडवांत साखर असते कुठे? सगळं गुळाचं. माझ्या या तर्काला सोसायटीतून तात्काळ अनुमोदन मिळालं. पहिल्या मजल्यावरच्या कोकिळाबेन गुंदरपाकाचा, म्हणजे डिंकाच्या वड्यांचा, डबा घेऊन आल्या. साखर हा शब्द मी काढताच म्हणाल्या, "अरे भाई, गोळ तो देशी छे! गोळ से कुछ नहीं होता." काशीगावच्या लताबाई, हौसाबरोबर बागेत व्यायाम करणाऱ्या, अळिवाचे लाडू घेऊन रिक्षानं आल्या. लताबाईंच्या घरची भातशेती होती, आता तिथं इमारती आहेत. पण मनगटावर लहानपणी गोंदलेलं तुळशीवृंदावन अजून हिरवं आहे. त्या नात्यानं त्या या विषयातल्या ज्येष्ठ.

"मना जत्रेत गोंदला," त्या म्हणाल्या. "सुईचा काय वाटला न्हाय. पन नंतर मायनं आठ दिस भात दिला न्हाय, त्याचाच रडू आला."

"भात का नाही?" मी वही घेऊन बसलो होतो.

"पू धरतो. वांगा न्हाय, सुका जवला न्हाय. लाडू देवा भावजी, लाडू देवा. बालंतीनच समजा."

चार दिवस मी बाळंतपण केलं. सकाळी अळिवाची खीर, दहाला डिंकाचा लाडू, चारला गुंदरपाक. हौसा म्हणाली, "अहो, हे जास्त नाही ना होत?" मी म्हणालो, "गूळ आहे." तिनं दोन महिने स्वतःचं ऐकलं होतं; आता चार दिवस माझं ऐकलं.

पाचव्या सकाळी 'हौ' शांत होतं. 'सा'च्या भोवती लाल कडं उठलं होतं, कान्याच्या शेजारी कातडी ताणून चकचकत होती आणि खालच्या टोकाला पिवळसर ओल होती. तिनं बोटाला सुई टोचून यंत्रात रक्त घातलं, आकडा पाहिला आणि यंत्र टेबलावर पालथं ठेवलं.  

डॉक्टरांनी हात पाहिला. "काका, खायला काय देताय?"

"पौष्टिक," मी म्हणालो. "साखर पूर्ण बंद आहे. सगळं गुळातलं."

"गूळ कशाचा करतात?"

"उसाचा."

"आणि साखर?"

मी भिंतीवरचा हृदयाचा तक्ता बघत राहिलो.

ते पुढे बोलले ते तिच्याशी. औषध देतो, दिवसातून दोनदा स्वच्छ करा. चार दिवसांत साखर उतरली तर हे बसेल. नाही उतरली तर जखम चिघळेल, आणि मग हे अक्षर राहील की जाईल याची काळजी करायची नाही, हाताची करायची.

परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती. सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला रिक्षा थांबली. रागावून नाही, चिडून नाही, भाजी काय आणायची ते सांगावं तशा आवाजात ती म्हणाली,

"एकदा तुम्ही ते तांदळात पुसलंत. आता गुळात पुसू नका."

पस्तीस वर्षांत या विषयावर ती बोललेली ही दोनच वाक्यं. मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे. एवढी नेमकी नाही.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. आधीही मी तिथं होतो, पण मानद अध्यक्षासारखा. आता कामाला लागलो. डॉक्टरांनी दिलेल्या यादीत एकही भव्य शब्द नव्हता: अंडी, मूग, मासे, दही, हिरवी भाजी, आवळा, पेरू, भरपूर पाणी. एवढ्यावर कातडी उभी राहते. निसर्गाला भाषणाची गरज नसते. त्याला मोड आलेले मूग दिले की तो कामाला लागतो. आणि मूग तरी काय साधे असतात! रात्रभर फडक्यात बांधलेले, सकाळी गाठ सोडली की आतून पांढरी शेपटं काढून बसलेले. मी रोज ती गाठ सोडायचो आणि मग तिच्या हाताकडे बघायचो. एकीकडे वाढ दिसायची, दुसरीकडे दिसायला हवी होती.

ती टेबलाशी बसून उजव्या हातानं कारभार हाकायची, डावा उशीवर.

"अहो, मेथी निवडताय की वाचताय? पानन्‌पान बघू नका."

"किडकं येईल."

"तीस वर्षांत आलं नाही. आता मोहरी. मोहरी! ती जिरी आहेत."

नाचणीची पहिली भाकरी तव्यावरून उचलताना तिचे तीन तालुके झाले. तिन्ही तिनं खाल्ले. अंडी मी दोनदा कच्ची काढली आणि एकदा इतकी उकडली की पिवळ्याभोवती हिरवी कड आली, तीही खाल्ली. मेथीत ओली हळद किसून घालायची माझी कल्पना होती, आणि ती चांगली निघाली हे तिनं दोन दिवसांनी कबूल केलं. माशांवरून लताबाईंचा आणि डॉक्टरांचा मतभेद होता, त्यात मी मध्यस्थी केली: सुका जवळा कपाटात, ताजे बोंबील ताटात. उत्तनहून येणाऱ्या मासेवालीकडून मी सकाळी बोंबील आणायचो, ओलेकंच, हातातून निसटणारे, जणू त्यांनाही या प्रकारात पडायचं नव्हतं. त्यांचं पातळ कालवण ती वाटीनं प्यायची. खिडकीतून येणारं जानेवारीचं तिरकं ऊन टेबलावर यायचं, तिच्या कोपरापर्यंत पोचायचं आणि मनगटाच्या अलीकडे थांबायचं. जिनलनं ऊन लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तर मी उशी सरकवायचो. सकाळचा हा एक उद्योगच होता. ऊन येतंय, उशी हलतेय.

संक्रांत याच पंधरवड्यात आली. मधुमेही माणसाच्या कसोटीसाठी कुणी सण योजला असता तर असाच योजला असता. 'तिळगूळ घ्या' म्हणून पुढे आलेला हात नाकारणं म्हणजे भांडण मागणं. हौसा घराघरांत हळदीकुंकवाला गेली, पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. प्रत्येकीचा तिळगूळ घेतला, गोड बोलली, आणि सगळा रुमालात बांधून घरी आणून माझ्यासमोर ओतला. कोकिळाबेनचा गुंदरपाक, लताबाईंचे लाडू, वर हा ढीग. अन्न टाकायची आमच्या घरात पद्धत नाही. मी ते वरच्या फळीवर, तिच्या नजरेआड ठेवलं.

चौथ्या दिवशी कडं फिकं झालं होतं. सहाव्या दिवशी ओल थांबली. यंत्रातला आकडा रोज सकाळी थोडा खाली यायचा आणि ती यंत्र आता सुलटं ठेवायची. मग खपल्या धरल्या आणि खाज सुरू झाली. ते दिवस मला जखमेच्या दिवसांपेक्षा अवघड वाटले. जिवंत बाईला हातभर अंतरावर खाज आहे आणि ती खाजवत नाही, हे बघणंसुद्धा कष्टाचं असतं. ती दात आवळून शेजारच्या कातडीवर हलक्या चापट्या मारायची. एकदा मी म्हणालो, "थोडंसं कडेनं..." तिनं असं पाहिलं की मी आवळे किसायला निघून गेलो.

'सा'च्या कान्यावरची खपली सगळ्यात जाड होती. खाली शाई आहे की नुसता व्रण, कुणालाच माहीत नव्हतं. जिनल म्हणाली, गिरने दो. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आम्ही वाट बघत मूग खाल्ले. एका सकाळी अंघोळीहून ती बाहेर आली, हात कोरडा टिपत, आणि तो माझ्यापुढे धरला. खपली गेली होती. खाली कोवळी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी चमकदार कातडी, आणि तिच्या आत, वरून खालपर्यंत, एका शाळेतल्या शिपायानं निब जरा दाबून ओढलेला काना. कुठेही तुटलेला नाही.

मी चष्मा पुसला. तो खरंच खराब झाला होता.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आमच्या घरचं हळदीकुंकू होतं. बायका दिवाणखान्यात, मी आत डिशमध्ये मटार-करंज्या आणि पेरूच्या फोडी लावत होतो. यंदा आमच्याकडे गोड नाही, हे ऐकून बाहेर कुजबुज झालेली मला ऐकू आली. मग नेहमीप्रमाणे नावं घ्यायची टूम निघाली. एकेकीनं उखाण्यात नवऱ्याला गुंफलं; कुणी चांदीच्या ताटात, कुणी महादेवाच्या पिंडीत. आमच्या घराची पाळी आली. पस्तीस वर्षं ती एकच उखाणा घेते, त्यात मी कुठल्याशा वेलीला टेकून उभा असतो. मी आत आपला टेकायला तयार झालो.

 बाहेर काकणं वर सरकल्याचा आवाज. बाही दुमडली असावी.

"तीन लेकींवर चौथी आले, तरी पेढे वाटले दारात,
हौसा माझं नाव, बघा, कोरून घेतलंय हातात."

 कुणीतरी म्हणालं, "अगं, पण नवऱ्याचं नाव?" त्यावर लताबाईंचा आवाज, काशीगावहून थेट ऐकू यावा एवढा: "नवरा आत करंज्या लावतो हाय ना! त्याला कशाला नाव पायजे?" आणि मग हसणं, खुर्च्या सरकणं, "बघू, बघू" आणि कोकिळाबेनचं "बहु सरस, बहु सरस." मी हातात करंजी घेऊन उभा होतो. आजवर मी भाषणात नाव आलं म्हणून छाती फुगवणारी माणसं पाहिली आहेत. नाव वगळलं गेलं म्हणून छाती फुगलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दारामागच्या आरशात दिसला.

यंदा ओली हळद घरी आणली, धुतली, खिडकीत वाळत घातली. हात आता बरा होऊन वर्ष होईल. नाव कातडीत असं बसलंय की जणू तिच्याबरोबर जन्माला आलं. ती भांडी घासते तेव्हा ते फेसात बुडतं आणि वर येतं. बँकेतल्या मुलीनं एकदा विचारलं, "काकू, हौसा कोण?" ती म्हणाली, "मी." सही मात्र नीलाक्षीच करते, खातं त्या नावाचं आहे. मी तिला हौसा म्हणायचा सराव करतोय. पहिल्यांदा मोठ्या गांभीर्यानं, दारात उभं राहून म्हणालो. तिनं मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

या आनंदाला जोडून एक गोष्ट सांगायची राहिली. त्या हळदीकुंकवानंतरच्या सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, हात दाखवायला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला, तिचा रिपोर्ट पाहिला, आणि म्हणाले, हे इतरांना दाखवण्यासारखं आहे. मी ताठ बसलो होतो. मग, आलाच आहात तर म्हणून, त्यांनी माझंही रक्त तपासायला पाठवलं. वरची फळी तोवर रिकामी झाली होती. तिची साखर जागेवर होती. मला सकाळी नाश्त्याआधी एक गोळी सुरू झाली.